आपल्या आजोबांच्या कोणत्या गोष्टीचा तुम्हांला सर्वाधिक अभिमान वाटतो?

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयनाकाठच्या एका लहान गावात सुतारकाम करीत. घरात आणि गावात त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या कष्टांविषयी आणि कसबाविषयी पुष्कळ सांगता येईल; पण आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर द्यायचे तर आपल्या हातून घडलेली वस्तू जोवर कोणाच्या तरी वापरात आहे तोवर तिची जबाबदारी आपली, असे ते मानत आणि तसेच वागत, याचा मला सर्वांत अधिक अभिमान आहे.

या वागण्याच्या मुळाशी बलुत्याची जुनी रीत होती. गावचा सुतार शेतकऱ्याची नांगर, कुळव, कुरी ही औते वर्षभर दुरुस्त करून देई आणि दर कामाचे पैसे न घेता सुगीत खळ्यावर ठरलेले धान्य घेई. ऐन पेरणीत नांगराचे रुमणे मोडले तर शेतकरी रात्रीसुद्धा दार वाजवी आणि त्याला ‘उद्या या’ म्हणण्याची सोय नसे, कारण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी जमिनीतली ओल, कोणासाठी थांबत नाही. ही रीत चांगलीच होती असे मी म्हणणार नाही. पीक कमी आले की बलुतेदाराचा वाटा आधी आटे, आणि खळ्यावर धान्य घ्यायला उभे राहिलेल्या माणसाचा मान राखला जाईलच अशी खात्री नसे. रोख मजुरीचे दिवस आल्यावर आबांनी खळ्यावर जाणे आनंदाने सोडले. पण मोडलेली वस्तू घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायचे नाही, ही शिस्त मात्र त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली.

त्यांचे खरे प्रेम बैलगाडीच्या चाकावर होते. चाकाला बाभळीचेच लाकूड हवे असे ते म्हणत. तोडलेले ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग सावलीत वाळवायचे, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही, हे त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेले ज्ञान होते. मधोमध तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे आणि त्यांच्याभोवती वक्र तुकड्यांचा घेर, अशी चाकाची रचना असते. आऱ्याचे कुसू, म्हणजे खाचेत बसणारे टोक, तुंब्यात बसवण्यापूर्वी आबा ते पटाशीने थोडे तासत, लावून बघत, पुन्हा तासत. नुसत्या हाताने दाबून ते आत गेले तर सैल समजायचे, आणि ठोकताना तुंब्याला चीर पडेल इतके घट्टही चालायचे नाही. धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, चढवण्याचे काम ते लोहाराच्या बरोबरीने भर उन्हाळ्यात, लाकूड पुरते वाळलेले असताना काढीत. धावेचा घेर चाकापेक्षा किंचित कमी ठेवलेला असे. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की पकडींनी उचलून चाकावर बसवायची आणि लाकडाने पेट घेण्याआधी पाणी ओतायचे. लोखंड आवळू लागले की सांधे करकरत, आणि त्या करकरीवरून कोणता आरा अजून नीट बसलेला नाही हे आबा ओळखत. लहानपणी आम्ही मुले वाफेत उभे राहून हे पाहत असू. पण इतक्या गडबडीत त्यांचे लक्ष आवाजाकडे असे, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. त्यानंतरच्या दिवसांविषयी मी आजीकडून आणि गावातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या होत्या आणि माणसे थंडीत उघड्यावर होती. आबांनी आधी ढिगाऱ्यांतून वासे, तुळया आणि दारे काढायला सुरुवात केली, कारण नव्या लाकडाला पैसा कोणाकडे नव्हता आणि जुने लाकूड पावसाळ्यापूर्वी पुन्हा उभे राहायला हवे होते. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला फार मोलाची वाटते. आपण काम केलेल्या प्रत्येक घरापाशी जाऊन काय पडले आणि काय टिकले हे त्यांनी पाहिले. जिथे भिंतीच्या आत लाकडी खांब होते आणि खांबांवर तुळई कुसू घालून बसवलेली होती, तिथली काही छपरे भिंती गेल्यावरही उभी होती. जिथे खर्च वाचवण्यासाठी तुळई नुसती भिंतीवर टेकवली होती, तिथे सगळेच खाली आले होते. अशा एका घराच्या मालकाने स्वतःच खांब नको म्हटले होते. तरीही, ‘त्याला लाकडातले काय कळणार, मी ऐकायला नको होते,’ असे आबा म्हणत. त्यानंतर खांबांशिवाय घर बांधायचे काम त्यांनी घेतले नाही. ज्या घरांत कर्ता पुरुष उरला नव्हता, त्यांच्याकडून मजुरीही घेतली नाही.

पुढे उसाच्या वाहतुकीबरोबर रबरी टायरच्या डनलॉप गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले आणि लाकडी चाकांचे काम जवळजवळ संपले. उभी हयात ज्यात घातली ते कसब कोणी विचारीनासे झाले, याचे दुःख त्यांना नक्कीच झाले असणार. पण त्यांनी तक्रार केल्याचे कोणाला आठवत नाही. दारे, खिडक्या, पाळणे, देव्हारे, लग्नाचे पाट आणि चौरंग यांवर त्यांनी घर चालवले. गावदेवाच्या पालखीची डागडुजी ते दरवर्षी जत्रेआधी करीत आणि त्याचे पैसे घेण्याचा विषयही काढू देत नसत.

त्यांचे स्वतःचे शिक्षण बेताचेच होते, परंतु माझ्या दोन्ही आत्या शिकाव्यात यासाठी त्यांनी नातेवाइकांचे बोलणे सोसले. आठ सूत म्हणजे एक इंच, हे कोष्टक त्यांनी आम्हां नातवंडांना फळीवर पेन्सिलीने रेघा मारून शिकवले. तीन सूत आणि पाव इंच मिळून किती, हे त्या फळीवर मोजल्यामुळे शाळेतले अपूर्णांक मला कधी अवघड गेले नाहीत. आम्हांला सुतारमेटावर, म्हणजे त्यांच्या कामाच्या जागी, मोकळेपणाने बसू देत, मात्र लाकूड तासायच्या वाकसाला हात लावू देत नसत. धार लावण्याचे काम पहाटे चहाच्याही आधी होई. बोथट हत्याराने माणूस जोर लावतो आणि जोर लावला की हात कापतो, असे त्यांचे सांगणे होते. आजीला सांधेदुखी सुरू झाल्यावर तिच्या जात्याचा खुंटा त्यांनी नवा, जाड आणि गुळगुळीत करून दिला. तो घडवताना दर वेळी तिच्या मुठीत देऊन पाहत आणि पुन्हा कानस मारीत.

आबांना जाऊन बरीच वर्षे झाली. माझे चुलते आता कराडला फर्निचरचे काम करतात, त्यात प्लायवूडच अधिक असते. पावसाळ्यात गावातल्या एखाद्या जुन्या घराचे दार फुगले, बसेनासे झाले, की निरोप त्यांनाच जातो, आणि दार आबांच्या हातचे असेल तर ते रविवारी रंधा घेऊन एसटीने गावी येतात. दार उतरवून, कड रंधून ते पुन्हा बसवायला सकाळ जाते. मजुरीचे कोणी विचारले तर ‘हे काम आबांचे आहे,’ एवढेच ते सांगतात, आणि घरातली बाई त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाही.