कपाळावरच्या रेघा बघा

प्रश्न: सर, मी कन्नडचा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पितळखोऱ्याच्या दरीत खैर-बोरीच्या झुडपात एक राखाडी पक्षी दिसला, चिमणीएवढा. वाळक्या फांदीवर ताठ बसायचा, माशी धरायला उडायचा अन् परत तिथंच. छातीवर बारीक रेघा होत्या. ग्रुपवर सगळे म्हणाले एशियन ब्राउन फ्लायकॅचर आहे, त्यात काय एवढं. चार फोटो पाठवतोय, धूसर आहेत. काय असेल?

उत्तर: दादा, मला हा स्पॉटेड फ्लायकॅचर, म्हणजे ठिपकेवाला माशीमार वाटतोय! तिसरा फोटो मोठा करून बघा, त्यात त्याचं तोंड आपल्याकडंय, कपाळावर बारीक गडद रेघा दिसतात आणि चोच बुडापासून टोकापर्यंत काळी. ग्रुपवाल्यांच्या एशियन ब्राउनची खालची चोच बुडाशी पिवळट असते, डोळ्याभोवती पांढरं कडं ठळक, आणि छाती साधी, फार तर मळकट. नावात स्पॉटेड असलं तरी ठिपके फक्त पिल्लांना असतात बरं का, मोठ्याला रेघाच, शास्त्रीय नावातलं स्ट्रायाटा म्हणजेही रेघांचा. पंखही लांब दिसतायत, अन् ते असणारच, कारण हा युरोप ते सायबेरिया या पट्ट्यात पिल्लं काढतो आणि हिवाळ्याला थेट आफ्रिकेत, सहाराच्या खाली जातो. त्यातले काही जाताना वायव्य भारत ओलांडतात. कच्छात सप्टेंबरमधे युरोपियन रोलर, रेड-बॅक्ड श्राइक अशा वाटसरू पक्ष्यांसोबत हा दिसतो, आपल्या सातमाळ्याच्या डोंगरांत मात्र क्वचितच, म्हणून ग्रुपवाल्यांच्या मनात आला नसणार.

जागाही जुळतेय, ब्राउनला झाडाची सावली आवडते आणि तुमचा पक्षी उघड्या फांदीवर. पण नुसत्या जागेवरून नाव ठरवू नका, रेघा आणि चोच हाच खरा पुरावा.

असे पाहुणे एका जागी फार दिवस थांबत नाहीत, अंक छापून येईपर्यंत तो गेलेला असणार म्हणून फोटो मिळाले त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही जाऊन आलात आणि फांदी रिकामी होती, हे ऐकून मलाही फार चुटपुट लागली. तरी नोंद टाकाच, चारही फोटो क्रॉप न करता, तारीख-वेळेसकट, आणि छातीचं वर्णन तुमच्याच शब्दांत लिहा. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यापासून त्याच खैरापासून लांब बसून राहा, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका, आला असेल तर माशी धरून तो स्वतःच त्याच फांदीवर परत येतो.