ख्रिस्ती श्रद्धेमुळे तुमच्या सामाजिक कामाला आणि इतर समाजांशी असलेल्या नात्याला कसा आकार मिळाला? ख्रिस्ती नसलेल्यांना त्यात सहभागी होता येते का?

मी वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील कुपारी, म्हणजेच सामवेदी ख्रिस्ती समाजातील आहे. त्यामुळे हे उत्तर तेवढ्याच परिघातले समजावे. अहिल्यानगरकडील प्रोटेस्टंट किंवा गोव्यातील कॅथलिक व्यक्ती याच प्रश्नाचे निराळे उत्तर देईल.

श्रद्धा माझ्यापर्यंत प्रवचनांपेक्षा कामातून अधिक पोहोचली. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्तीत, संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा आहे. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिसमध्ये काही सोबत्यांसह हे काम सुरू केले आणि त्याची मूळ रीत आजही पाळली जाते: गरजू कुटुंबाला आपल्या दारी बोलवायचे नाही, आपण त्यांच्या घरी जायचे, जाताना दोघांनी मिळून जायचे आणि तिथे जे पाहिले-ऐकले ते बाहेर कुठेही बोलायचे नाही. सभेत एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येक जण मिटलेली मूठ आत घालतो आणि रिकामी करून बाहेर काढतो. कोणी पाचशेची नोट टाकली, कोणी दहाचे नाणे टाकले आणि कोणाला या खेपेस काहीच टाकता आले नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयच्या शुभवर्तमानातील वचन मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते अमलात कसे आणतात, हे मात्र त्या पिशवीमुळे समजले.

आम्ही भेट देतो त्या घरात क्रूस आहे की देव्हारा, याची नोंद आमच्या वहीत नसते. घरभाडे किती थकले आहे, औषधे कोणती चालू आहेत, मुलांची फी भरली आहे का आणि कमावते कोण आहे, एवढेच लिहिलेले असते. (पिशवीतल्या पैशांनी कुणाचे दारिद्र्य हटत नाही, फार तर महिन्याची औषधे निभावतात, आणि याविषयी आमच्यापैकी कोणाचाही गैरसमज नाही.) जुलै २०१८ च्या पावसात वसई पाण्याखाली गेली आणि रेल्वे बंद पडली, तेव्हा चर्चच्या सभागृहात खिचडी शिजत होती, शिधा धर्मग्रामातून जमला होता, मोठी पातेली गणेशोत्सव मंडळाची होती आणि कोणत्या चाळीत कोण म्हातारे माणूस एकटे अडकले आहे याची खडान्खडा माहिती असलेली मुले दोन्हीकडची होती. असे प्रसंग आले की सर्वधर्मसमभावाच्या परिसंवादांचे मला फारसे अप्रूप वाटत नाही.

सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणाल तर ती आमच्या घरातच नांदते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, पण त्यांची आडनावे आणि चर्चे राहिली. बोली मात्र आमची आमचीच राहिली. कादोडी नावाची आमची ही बोली आजही सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती अशा दोघांच्याही घरांत बोलली जाते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, लॅटिनमधून होत असे आणि माझी आजी अर्थ न कळताही सारे प्रतिसाद बिनचूक म्हणत असे. पुढे मराठी आली, तिच्यामागोमाग पेटी-तबलाही आला, आणि आता तरुण गायकवृंदाला भजनाची चाल परकी वाटत नाही.

ही ये-जा केवळ बाहेरून आत अशी नव्हती. वसईतच जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानला गेले, तेथील भाषा शिकले, फ्रान्सिस्कन या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. आमच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले, हरित वसईच्या, म्हणजे वसईचे पर्यावरण वाचवण्याच्या लढ्यात पुढाकार घेतला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. त्यांच्या निवडीला विरोध झाला, तेव्हा इतकी शतके मराठीत प्रार्थना, भांडणे आणि हिशेब केल्यानंतरही आम्हाला मराठीपणाचा दाखला द्यावा लागतो, याचे वाईट वाटले. तरीही संमेलन ठरल्याप्रमाणे पार पडले आणि अध्यक्ष म्हणून तेच बोलले.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी: होय, सहभागी होता येते. आमच्याकडे औषधांचा हिशेब ठेवणाऱ्या बाई हिंदू आहेत आणि दहावीच्या मुलांना गणित शिकवणारे निवृत्त शिक्षक मुसलमान आहेत. प्रार्थनेच्या वेळी ते बसतात किंवा नंतर येतात, तो त्यांचा प्रश्न. जवळच्या चर्चमधील धर्मगुरूंना भेटा आणि आठवड्यातील कोणता वेळ खात्रीने देऊ शकाल ते आधी सांगा. नाताळच्या आठवड्यात मदतीला पुष्कळ लोक येतात. जून-जुलैमध्ये, शाळांची फी आणि पावसाळी आजारपणे एकदमच येतात तेव्हा, माणसे कमी पडतात.