मुलगी म्हणते, आरोपींची वकील होईन

ताई, मुलगी बारावीला आहे, तिला लॉ करायचंय आणि तेही आरोपींची बाजू लढवायला, असं तुम्ही लिहिलंय. ‘कसाबचं वकीलपत्र घेणाऱ्या बाईंच्या घरासमोर काय झालं ते टीव्हीवर पाहिलंय. उद्या आमच्या दारात लोक आले तर?’ हा तुमचा प्रश्न.

तुमची भीती खोटी नाही. २६/११ च्या त्याच खटल्यात कसाबसोबत आरोपी असलेल्या फहीम अन्सारीचे वकील होते शाहिद आझमी. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात, त्यांच्याच ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या. वय अवघं ३२. आजही लिहिताना हात थबकतो.

पण त्या खटल्यातला एक कागदही लक्षात घ्या. फहीमने काढलेला म्हणून एक नकाशा पोलिसांनी कोर्टापुढे ठेवला. कसाबचा मारला गेलेला साथीदार अबू इस्माईल, त्याच्या पँटच्या खिशात तो सापडला, असं त्यांचं म्हणणं. पँट रक्ताने माखलेली, नकाशावर मात्र डाग नाही! ३ मे २०१० ला कसाब दोषी ठरला आणि त्याच निकालात फहीम आणि दुसरा सहआरोपी सबाउद्दीन निर्दोष सुटले. पुढे हायकोर्टात, सुप्रीम कोर्टातही ते टिकलं. बचावाचा वकील करतो ते हे काम. पुरावा हातात घेऊन उलटसुलट तपासायचा.

‘गुन्हा केलाय हे दिसत असताना वाचवायचं कसं?’ असंही तुम्ही विचारलंय. आरोपीबद्दल आपलं मत काहीही असो, त्याचा बचाव करायचा, हा बार कौन्सिलचाच, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचाच, नियम आहे. खोटा साक्षीदार मात्र उभा करायचा नाही. ही रेघ मुलीने पहिल्या दिवसापासून पाळायची.

सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, पाच वर्षांचा कोर्स, सनद म्हणजे वकिलीचा परवाना, बारची परीक्षा हे सरळ आहे. अवघड आहे ती ज्युनिअरशिप, म्हणजे सीनिअर वकिलाच्या हाताखालची उमेदवारी. पहिली दोन-तीन वर्षं हातात फारसे पैसे पडत नाहीत, घरचा आधार लागतो. तो हिशोब आत्ताच मांडा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात गरीब आरोपींसाठी मानधनावर वकील नेमतात, तीही वाट आहे. तिथे गाजलेले आरोपी क्वचितच. अनेक जण जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलेले.

परीक्षा झाली की दोघी जिल्हा न्यायालयात जा. बहुतेक सुनावण्या कुणालाही बघता येतात. मागच्या बाकावर बसून एखादी उलटतपासणी पूर्ण ऐका. घरी आल्यावर ती काय बोलते, ते मला कळवा.