‘एक खाल्लीस तर दोन देऊन ये’

हे पत्र एका बेटावर राहणाऱ्या आईचं आहे. बेटाचं नाव गाळते आहे. तिथे मराठी घरं इतकी कमी, की नाव छापलं तर संध्याकाळपर्यंत पत्र कुणाचं ते सगळ्यांना कळेल.

ती लिहिते: ‘ताई, मुलगा १४ वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात भुवई फुटून घरी आला. म्हणाला, चेंडू लागला. नंतर धाकटीने सांगितलं, की बसथांब्यावर एका मुलाने मारलं होतं. तो बरेच दिवस ह्याला त्रास देतोय म्हणे. आमचे हे म्हणतात, “एक खाल्लीस तर दोन देऊन ये, नाहीतर जन्मभर मार खाशील.” शाळेत सांगावं तर त्या मुलाची मावशी तिथेच शिकवते आणि काका ह्यांच्या ऑफिसात आहे. मुलाला कराटेला घालू का? धाकटी सारखी फोनवर असते, मराठी वाचायला तयार नाही. सासूबाई येऊन राहणार आहेत, त्यांचंही टेन्शन आहे.’

अगं, भुवईची जखम भरून येईल. माझ्या मनातून जात नाही ते तुझ्या यजमानांचं वाक्य. मी त्यांना दोष देत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ते वाक्य आहे आणि माझे वडीलही माझ्या भावाला तेच सांगायचे. पण भाऊ मारामारी करून आला तर त्याच्या मागे चुलत, आते, मावस अशी फौज उभी असायची, आणि प्रकरण हाताबाहेर जायच्या आत कुणीतरी काका दोघांचे कान धरायचे. तुझ्या मुलामागे कोण आहे? तुम्ही दोघं आणि एक धाकटी बहीण. समोरच्याचं गणगोत शाळेपासून ऑफिसापर्यंत पसरलंय, हे तूच लिहिलंयस. मग ‘दोन देऊन आल्यावर’ तिसरी कोण देणार आणि किती जण मिळून देणार, याचा हिशेब यजमानांनी केलाय का?

मोठ्या शहरात भांडण झालं तर मूल रस्ता बदलतं, फारच झालं तर शाळा बदलते. बेटावर बहुधा माध्यमिक शाळा एक, बस एक, मैदान एक. ज्याच्याशी सकाळी वाजलं तोच दुपारी शेजारच्या बाकावर. राग निवायला जागाच नाही, त्यामुळे एका धक्क्याची परतफेड महिनोन् महिने चालते आणि दर खेपेला थोडी वाढते. एक दिवस कुणीतरी खिशात काहीतरी घेऊन येतं. हत्यार बाळगणाऱ्या मुलाला ‘आता मी सुरक्षित’ असं वाटतं, प्रत्यक्षात त्याच्याच जिवाचा धोका वाढलेला असतो.

हे माझ्या मनचं नाही. जागतिक आरोग्य संघटना २००३ पासून शाळकरी मुलांची पाहणी करते. वर्गात निनावी प्रश्नावली भरून घेतात. पॅसिफिक आणि कॅरिबियनमधल्या कितीतरी बेटांवरच्या मुलांनीही ती भरली आहे. त्यात विचारतात, की गेल्या १२ महिन्यांत गंभीर दुखापत झाली का. गंभीर म्हणजे जिच्यामुळे शाळेचा किंवा खेळाचा निदान एक पूर्ण दिवस बुडला किंवा डॉक्टर-नर्सकडे जावं लागलं. मारहाणीतून झालेल्या अशा दुखापतींशी जोडलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा त्याच निघतात: आधीपासून होणारी दादागिरी, हाणामाऱ्यांची सवय, दारू, शाळा बुडवणं, एकटेपणा, काळजीने न लागणारी झोप. मुलींपेक्षा मुलगे जास्त, पण मुली सुटलेल्या नाहीत. ४० विकसनशील देशांच्या एका अभ्यासात सरासरी ४२ टक्के मुलग्यांना आणि ३७ टक्के मुलींना दादागिरीला तोंड द्यावं लागलं होतं. आणि सगळ्यात वाईट अवस्था कुणाची, तर जो मारही खातो आणि उलट मारायलाही जातो त्याची. यजमान तुझ्या मुलाला नेमकं तिथेच नेऊन उभं करताहेत.

माझी नणंदही एका बेटावरच असते. तिच्या मुलाला असाच सल्ला मिळाला होता आणि त्याने तो पाळला. घरी आला तेव्हा मधल्या बोटाच्या सांध्यावर जरासं खरचटलेलं. म्हणाला, दार लागलं. मूठ समोरच्याच्या तोंडावर बसली की त्याचा दात सांध्यापर्यंत रुततो. वरून चिमूटभर दिसणारी ती जखम, पण तोंडातले जंतू थेट सांध्यात जातात. दोन दिवसांत हात असा टम्म फुगला, की बोट वळेना. सांधा उघडून धुवावा लागला, अँटिबायोटिक्स शिरेतून द्यावी लागली. दवाखान्यात तो आधीच का गेला नाही? तिथली नर्स म्हणजे त्याच्या वर्गमित्राची आई. छोट्या जागी मुलं जखमा लपवतात ती अशी. ‘चेंडू लागला’ त्यातलाच.

म्हणून आज तुझ्या मुलाचे हात बघ. डोक्याला मार बसला होता, म्हणून डोकं दुखतं का, वाचताना गरगरतं का, हेही विचार. पुढे कधी असा मार लागून उलट्या झाल्या, गुंगी आली, तो असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट बघू नका. अनेक लहान बेटांवर सीटी स्कॅन नसतो, पेशंटला दुसरीकडे हलवण्यातच वेळ जातो.

आता त्याला काय सांगायचं? अंगावर आलाच तर डोकं हातांनी झाक, मोठ्याने ओरड, सुटका करून घे आणि मोठी माणसं असतील तिकडे पळ. याला भेकडपणा म्हणत नाहीत. सुटण्यापुरता हात चालवणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी हिशेब चुकता करायला जाणं वेगळं. यजमानांना ताकदच दाखवायची असेल तर त्यांनी थोडे दिवस शाळा सुटायच्या वेळी बसथांब्यावर जाऊन उभं राहावं. काही बोलू नये, नुसतं उभं राहावं.

शाळेत मात्र जायचंच. मावशी शिकवते म्हणून तू गप्प बसलीस, पण तिला भेटायचं कुठे आहे? मुख्याध्यापकांना लेखी दे: तारीख, जागा, काय झालं, कुणी पाहिलं. ‘त्याला शिक्षा करा’ असं लिहू नकोस. बसथांब्यावर मोठं माणूस कोण असेल आणि मुलाने अडचणीत कुणाकडे जायचं, ही दोन उत्तरं माग. त्या मुलाच्या आईशी भांडायला जाऊ नकोस. दोन्ही घरं ज्यांचा मान राखतात असं कुणीतरी बेटावर असेलच, त्यांना मध्ये घाल. छोट्या जागेचा एवढा तरी फायदा घे.

आणि मुलाशी बोल गं. भुवईची खरी गोष्ट तुला धाकटीकडून कळावी? त्याच पाहण्यांत, आईवडील आपल्या अडचणी समजून घेतात का, मोकळ्या वेळात आपण काय करतो हे त्यांना माहीत असतं का, असेही प्रश्न असतात. ज्या मुलांचं उत्तर ‘हो’ असतं, ती एकंदरीत या भानगडींत कमी सापडतात. ‘शाळा कशी झाली’ या प्रश्नाला माझ्या मुलाने आजवर ‘ठीक’पलीकडे उत्तर दिलेलं नाही. ‘मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसलास’ विचारलं, तेही गाडीत शेजारी बसून, की गाडी घरापर्यंत येते तोवर सगळा वर्ग समजतो. तो झोपत नसेल, जेवत नसेल, एकटा राहत असेल, तर जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

कराटेला खुशाल घाल, शिस्त लागेल, चार मित्र मिळतील. फक्त शिकवणारा मारामाऱ्यांचं कौतुक करणारा नाही ना, ते एकदा वर्गात बसून बघ. धाकटीचा फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, तुमच्या दोघांच्या फोनसकट. मराठी वाचनाचं सध्या राहू दे, तिने भावाचं गुपित तुला कुठल्या भाषेत सांगितलं ते तूच आठव. सासूबाई येताहेत तर येऊ देत, दुपारी घरात कुणीतरी असेल. मात्र त्या यायच्या आत यजमानांशी बोलून घे, नाहीतर ‘दोन देऊन ये’ म्हणणारी घरात दोन माणसं होतील.