‘सिस्टर, शिंक आली… काही होणार नाही ना?’

एम्ब्रियो ट्रान्सफर, म्हणजे टेस्ट ट्यूब उपचारात प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ गर्भपिशवीत सोडणं, झालेल्या बाईचा पहिला फोन बहुधा त्याच संध्याकाळी येतो. विषय शिंकेचा असतो, नाहीतर खोकल्याचा, जिन्याचा, लघवीचा. आवाज खाली आणलेला असतो आणि शेवट ठरलेला असतो, ‘काही होणार नाही ना?’ वंध्यत्व विभागातल्या कुठल्याही नर्सला विचारा. ट्रान्सफरपासून बीटाच्या रक्ततपासणीपर्यंत (गर्भ राहिला का, ते एचसीजी या संप्रेरकावरून सांगणारी तपासणी) जे ९ ते १४ दिवस जातात, त्यात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच.

‘काही होत नाही, निश्चिंत राहा’ म्हटलं की फोन ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी नवं कारण घेऊन पुन्हा वाजतो. तो का वाजत राहतो, ते एका जोडप्याच्या निमित्ताने सांगते. तिला शर्वरी म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे घेतलं आहे.

शर्वरीचं आधीचं एक ट्रान्सफर यशस्वी झालं नव्हतं. या वेळी गोठवून ठेवलेला पाच दिवसांचा गर्भ सोडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, तोही आडवं राहूनच केलेला.

“सिस्टर, या वेळी तुम्ही लगेच उठवलंत. गेल्या वेळी तासभर झोपवलं होतं.”

“रात्री लघवीला उठलात ना?”

“नाही. तीनदा लागली होती. तशीच पडून राहिले.”

संध्याकाळी दोघं आले तेव्हा कागदावर चित्र काढून दाखवलं. लघवीची पिशवी वेगळी, गर्भाची पिशवी वेगळी, दोन्हींच्या वाटाही वेगळ्या. ट्रान्सफरच्या वेळी लघवीची पिशवी भरलेली ठेवायला सांगतो, ती पोटावरून सोनोग्राफी नीट दिसावी आणि पुढे झुकलेली गर्भपिशवी जरा सरळ व्हावी म्हणून. कॅथेटर, म्हणजे गर्भ आत सोडायची बारीक नळी, बाहेर आलं की ती गरज संपली. त्यानंतर तासन्‌तास लघवी धरून ठेवली तर ओटीपोट दुखतं आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. मग त्या दुखण्याचीच नवी भीती सुरू होते.

पुस्तकातल्या चित्रांमुळे गर्भपिशवी म्हणजे खाली तोंड असलेली पोकळ जागा, अशी समजूत झालेली असते. प्रत्यक्षात तिची पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात, मध्ये फक्त पातळ, चिकट स्राव असतो. पाच दिवसांचा गर्भ मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही लहान. थेंबाच्याही अंशाएवढ्या द्रवाबरोबर तो पिशवीच्या वरच्या टोकापासून साधारण १ ते २ सेंटिमीटर अलीकडे सोडतात. भिजून चिकटलेल्या दोन पानांमधला कण पुस्तक हलवून पडत नाही. शिंकेने पोटातला दाब वाढतो खरा, पण तो दाब बंद भिंतींना उघडत नाही.

स्क्रीनवर चमकलेल्या पांढऱ्या ठिपक्याचा फोटो बऱ्याच जणी मोबाइलमध्ये जपून ठेवतात. तो गर्भ नसतो. त्याच्याबरोबर गेलेला हवेचा बारीक बुडबुडा असतो, काही वेळाने तो दिसेनासा होतो. आणि गर्भ कॅथेटरलाच चिकटून परत तर आला नाही ना, हे त्याच मिनिटाला तपासलं जातं. भ्रूणतज्ज्ञ कॅथेटर पुन्हा मायक्रोस्कोपखाली धरतात आणि ‘क्लिअर’ म्हणतात तोवर तुम्हाला टेबलावरून हलवत नाहीत. (जाता जाता एक सांगते. १९७८ मध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्यामागच्या तिघांपैकी जीन पर्डी या प्रशिक्षित नर्स होत्या. प्रयोगशाळेतलं काम त्या बघायच्या. नाव मात्र वर्षानुवर्षं दोघा पुरुषांचंच घेतलं गेलं.)

झोपून राहण्याबद्दलही स्पष्ट बोलले. ट्रान्सफरनंतर अंथरुणात पडून राहिल्याने यश वाढतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काहींमध्ये तर झोपवून ठेवलेल्या गटाचे निकाल जरा कमीच आले. चाला, घरात वावरा, बैठं काम असेल तर कामावरही जा. ताज्या सायकलमध्ये, म्हणजे अंडी काढून गर्भ न गोठवता लगेच सोडतात तेव्हा, उड्या, धावणं, जोराचा व्यायाम टाळायला सांगतो, त्याचं कारण गर्भ पडण्याचं नसतं. इंजेक्शनांनी अंडाशय मोठे झालेले असतात आणि झटक्याने त्यांना पीळ बसू शकतो.

एवढं सगळं तिला पटलं. तिने मान डोलावली, नेमके प्रश्नही विचारले. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

“सिस्टर, आतून ठेवायची गोळी बाहेर आली.”

पांढरा, पिठूळ स्राव आला होता. प्रोजेस्टेरॉनची (गर्भपिशवीचं अस्तर टिकवणाऱ्या संप्रेरकाची) योनीतून ठेवायची गोळी विरघळते, औषध शोषलं जातं आणि तिचा आधारद्रव्याचा चोथा नंतर बाहेर येतो. गोळी ठेवल्यावर १५-२० मिनिटं आडवं पडावं, पॅन्टी लायनर वापरावं, आणि स्राव दिसला म्हणून दुसरी गोळी ठेवू नये. बोटाने किंवा अ‍ॅप्लिकेटरने फार आत ढकललं तर गर्भाशयाच्या मुखाला खरचटून गुलाबी डाग दिसू शकतो. गोळी नसून तेलातलं इंजेक्शन असेल तर कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या चौथ्या भागात, रोज बाजू बदलून, ॲम्प्यूल तळहातात धरून कोमट करून, सावकाश द्यावं. नंतर थोडं चाललं की गाठ कमी होते.

माहिती पुन्हा दिली गेली आणि पुन्हा पुरली नाही. अशा वेळी माझं मत जरा कडक आहे. नुसता धीर देणाऱ्या समुपदेशनावर माझा फारसा विश्वास नाही. धीर मागणाऱ्याला धीर दिला की मागण्याचीच सवय लागते. माणूस दिवसभरात काय करतो ते बघावं, मन त्याच्या मागे असतं. म्हणून शर्वरीला म्हटलं, दिवसभरात जे काही करता ते दाखवा.

तिने एक वही आणली. नवऱ्याची समजूत, त्यात औषधांच्या वेळा आहेत. वेळा पहिल्या पानावर होत्या. पुढे असं होतं: ‘मंगळवार. दोन शिंका, दुसरी जोरात. एक मजला चढले. कपाटाच्या वरच्या फळीला हात लावला. रात्री डाव्या कुशीवरून पालथी झाले का?’ मागे उलटत गेलं तर आधीच्या ट्रान्सफरचीही पानं निघाली, त्यातल्या काही ओळी लाल शाईने अधोरेखित.

“हे कशासाठी लिहिता?”

“निगेटिव्ह आलं तर कळायला हवं ना, कशामुळे ते.”

फोन का वाजत होता, ते तेव्हा मला उमगलं. ‘काही होणार नाही ना’ हा गर्भपिशवीबद्दलचा प्रश्न नव्हताच. तिने निकाल आधीच लावला होता, आरोपीही ठरला होता. फक्त गुन्हा कोणता, ती जागा भरायची राहिली होती.

मी काही बोलायच्या आत तिचा नवरा म्हणाला, “मग माझंही लिही.”

“तुझं काय?”

“गेल्या वेळी एक इंजेक्शन मी तीन तास उशिरा दिलं. ट्रॅफिक होतं असं सांगितलं तुला. ट्रॅफिक नव्हतं, मीटिंग होती.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “कुठलं इंजेक्शन? मला आठवतही नाही.”

“मला रोज आठवतं.”

“अरे, तीन तासांनी काय होतंय?”

हे ती इतक्या सहज, जवळजवळ वैतागून म्हणाली की तिचं तिलाच ऐकू आलं. मी मध्ये काहीच बोलले नाही. अशा जागी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायला शिकायचं असतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. बऱ्याच वेळाने मी एवढंच विचारलं, “आणि शिंकेने?”

तिने वही मिटली. रडली नाही. म्हणाली, “दोन वर्षं आम्ही दोघं एकाच घरात वेगवेगळी शिक्षा भोगतोय.”

एक गोष्ट तिथेच सांगून टाकली, कारण दिलासा खरा असला पाहिजे. ट्रान्सफरनंतरचं तेलातलं प्रोजेस्टेरॉन हळूहळू शोषलं जातं, एका दिवशी तीन तासांचा उशीर निकाल फिरवत नाही. आठवेल तेव्हा घ्यावं, दुप्पट घेऊ नये आणि आम्हाला कळवावं. वेळ मिनिटावर पाळायची ती ट्रिगरच्या, म्हणजे अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची, कारण अंडी काढण्याची वेळ त्याच्यापुढे साधारण ३४ ते ३६ तासांनी धरलेली असते.

स्वतःला दोष देणं त्रासदायक असतं, पण त्यात एक आधार लपलेला असतो. चूक माझी असेल तर पुढच्या वेळी मी ती टाळू शकते, म्हणजे सूत्रं अजून माझ्या हातात आहेत. ‘तुझी काहीच चूक नाही’ म्हणणारा तो आधारही काढून घेतो, आणि म्हणून ते वाक्य कुणाला पचत नाही. दोष काढून घ्यायचा तर हातात धरायला दुसरं काही द्यावं लागतं, आणि ते खरं असावं लागतं.

आम्ही तीच वही वापरली. नव्या पानावर फक्त तिच्या हातातल्या गोष्टी: औषधांच्या वेळा, रोजची ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं न घेणं (दुखलंच तर पॅरासिटामॉल). आणि काय दिसलं तर रात्री-बेरात्रीही फोन करायचा: तासाला एक पॅड भिजेल इतकं रक्त, ताप, एका बाजूला असह्य कळ किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं. ताज्या सायकलमध्ये यात भर म्हणजे पोट ताणलं जाणं, दिवसाला किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं. अंडाशयांना अतिउत्तेजना झाल्याची ही लक्षणं आहेत आणि ती दिसली तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं. हलके डाग दिसले तर औषध स्वतःहून बंद करायचं नाही. रक्त दिसलं म्हणून प्रोजेस्टेरॉन सोडून देणं, ही या दिवसांतली खरी चूक आणि ती नेहमी होते.

काळजीसाठी संध्याकाळची वीस मिनिटं ठरवली. दिवसभरात जे मनात येईल ते एका ओळीत टिपायचं आणि त्या वेळेपर्यंत झाकून ठेवायचं. ठरल्या वेळी दोघांनी मिळून वाचायचं. त्यातलं जे ‘हातातल्या’ पानावर बसेल ते मला विचारायचं, तेही एकदाच. पहिल्या दिवशी अकरा ओळी होत्या, शेवटी-शेवटी दोन.

लक्षणं शोधायची नाहीत, हेही ठरलं. स्तन दुखणं, पोट फुगणं, झोप येणं, बद्धकोष्ठता हे सगळं प्रोजेस्टेरॉननेही होतं. त्यामुळे ती दिसली म्हणजे गर्भ राहिला असं नाही, आणि गेली म्हणजे गेला असंही नाही. घरी पट्टी लावून बघण्याचंही तसंच. एचसीजीचं ट्रिगर घेतलं असेल तर त्याचा अंश दहा ते चौदा दिवस लघवीत राहून खोटी दुसरी रेघ येऊ शकते. शर्वरीच्या सायकलमध्ये ट्रिगर नव्हतं, तिथे उलटा धोका. गर्भ ट्रान्सफरनंतर एक-दोन दिवसांत अस्तराला चिकटू लागतो, रुजायला आणखी काही दिवस घेतो, आणि एचसीजी त्यानंतर हळूहळू वाढतं. पाचव्या-सहाव्या दिवशीची कोरी पट्टी काहीच सांगत नाही, झोप मात्र उडवते.

निकालाच्या दिवशी फोन कोणी घ्यायचा तेही आधीच ठरवायला सांगते. कामाच्या ठिकाणी, चारचौघांत तो कानावर पडू नये. त्यांनी दुपारची वेळ आणि स्पीकर फोन निवडला.

बीटा निगेटिव्ह आला.

शर्वरी रडली, चांगली रडली, आणि ते थांबवायचं नसतं. डॉक्टरांनी सांगितल्यावर औषधं बंद केली की पाळी बहुधा आठवड्याच्या आत येते, नेहमीपेक्षा जास्त आणि जास्त दुखरी असू शकते, हे सांगून ठेवलं होतं. गर्भ न रुजण्याचं सर्वांत मोठं कारण गर्भातल्या गुणसूत्रांच्या संख्येतला बिघाड असतं. तो बहुतेकदा अंडं तयार होतानाच झालेला असतो, म्हणजे शिंकेच्या, जिन्याच्या, मीटिंगच्या कितीतरी आधी. बाईच्या वयाबरोबर तो वाढतो. हेही आधीच बोलून झालं होतं, कारण निकालानंतर ऐकलेलं डोक्यात शिरत नाही.

काही दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा आवाज खाली आणलेला नव्हता. “सिस्टर, डॉक्टरांना काय काय विचारायचं ते सांगा, लिहून घेते.”

ती यादी इतरांनाही उपयोगी पडते म्हणून देते. ट्रान्सफरच्या आधी अस्तराची जाडी किती होती (साधारण ७ मिलिमीटर किंवा जास्त असावी असं बघतात). गर्भाची प्रत कोणती होती, आणि गोठवलेला असेल तर वितळल्यावर किती पेशी टिकल्या. कॅथेटर सहज गेलं का, त्याला रक्त लागलं होतं का. प्रोजेस्टेरॉनची रक्तातली पातळी तपासली होती का, आणि औषध देण्याचा मार्ग बदलून बघायचा का. थायरॉइड शेवटचं कधी तपासलं. हिस्टेरोस्कोपीने पिशवी आतून बघण्याची गरज आहे का. आपल्या वयाला गर्भाची जनुकीय तपासणी फायद्याची आहे की नाही, आणि नसेल तर का. सीमेनची तपासणी नव्याने करायची का. किती गर्भ शिल्लक आहेत आणि पुढच्या प्रयत्नात नेमकं काय बदलणार आहे. शेवटच्या प्रश्नाला ‘काही नाही, तेच पुन्हा’ हेही रास्त उत्तर असू शकतं, फक्त ते कारणासह मागावं. भेटीला दोघांनी जावं, एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहावं, आणि निघण्यापूर्वी भ्रूणतज्ज्ञांच्या अहवालाची प्रत फाइलमध्ये लागली आहे का, ते बघून घ्यावं.