मॉडेल हर्निया पकडतच नाही, वेटेड लॉस लावू का?

लावा, पण ते दुसरं पाऊल. (लॉस म्हणजे ट्रेनिंगमध्ये मॉडेलच्या चुकीचं माप; वेटेड लॉसमध्ये दुर्मिळ आजाराची चूक जास्त वजनाने मोजतात.)

तुम्ही लिहिलंय की एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या छातीच्या एक्स-रेंवर चौदा आजारांचं मॉडेल ट्रेन केलं, हर्नियाची (पोटातला भाग छातीत सरकणं) अ‍ॅक्युरसी, म्हणजे एकूण बरोबर उत्तरांचं प्रमाण, ९९.८ टक्के आली आणि तरी हर्नियाचा एकही पेशंट सापडला नाही. यात नवल नाही. २०१७च्या त्या डेटात १,१२,१२० एक्स-रे आहेत आणि त्यांत हर्नियाचे फक्त २२७. डोळे मिटून प्रत्येकाला 'नाही' म्हटलं तरी एवढे टक्के मिळतातच. अ‍ॅक्युरसी बघणं आजच सोडा. प्रत्येक आजाराचा प्रिसिजन (मॉडेलने 'आहे' म्हटलेल्यांत खरे किती) आणि रिकॉल (खऱ्यांपैकी सापडले किती) वेगळा काढा.

मी महापेला हेच काम करते. आमचं मॉडेल न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाभोवती साठलेली हवा, फार छान पकडायचं. आम्ही खूश. एका शनिवारी वाशीच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना हीटमॅप, म्हणजे मॉडेल फोटोत कुठे बघतंय ते रंगाने दाखवणारी चित्रं, दाखवले. चौथ्याच फिल्मला त्या म्हणाल्या, "अगं, हे फुप्फुस बघतच नाहीये, नळी बघतंय." खरंच, लाल डाग हवेवर नव्हता, हवा काढायला छातीत घातलेल्या नळीवर होता. म्हणजे ज्यांच्यावर उपचार सुरू झाले होते तेच पेशंट आम्ही 'शोधत' होतो. नळीविना आलेले, ज्यांना खरी गरज, ते निसटत होते. मला त्या रात्री झोप लागली नाही. कुठलाही लॉस हे सांगत नाही. म्हणून दुर्मिळ आजाराचे सगळे फोटो स्वतः उघडून बघा. २२७ फोटो एका दुपारचं काम आहे. त्या डेटातली लेबलं रिपोर्टच्या मजकुरातून सॉफ्टवेअरने काढलेली आहेत, त्यामुळे काही चुकलेलीही सापडतील.

बघताना पेशंट आयडीही मोजा. हे सगळे एक्स-रे ३०,८०५ पेशंटचेच आहेत. एकाच माणसाचे फोटो ट्रेन (शिकवण्याचा डेटा) आणि टेस्ट (तपासण्याचा डेटा) दोन्हीकडे गेले तर आलेला आकडा खोटा. हर्नियाची माणसं दोन्हीकडे पुरेशी येतील अशी वाटणी हाताने करा.

आता लॉस. मॉडेलच्या शेवटी सॉफ्टमॅक्स असेल (तो सगळ्या आजारांत मिळून एकच शंभर टक्के वाटतो) तर काढा, प्रत्येक आजाराला स्वतंत्र सिग्मॉइड (शून्य ते एकमधली वेगळी शक्यता) द्या. एका छातीत तीन आजार असू शकतात. हर्नियाला पूर्ण समतोल वजन (हर्निया नसलेले एक्स-रे भागिले असलेले) द्यायचं तर ते सुमारे ४९३ होतं. बॅच, म्हणजे एका वेळी मॉडेलला दाखवलेले फोटो, ३२ची असेल तर हर्निया सरासरी पंधरा बॅचमागे एकदा येतो, आणि आला की ४९३ पटीचा धक्का! ट्रेनिंग डळमळतं. मी वर्गमूळ घेते, साधारण २२. हर्नियाचे फोटो पुन्हापुन्हा दाखवण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं, कारण फोटोबरोबर त्यावरच्या इतर आजारांचीही लेबलं वाढत जातात.

वजन दिल्यावर मॉडेलचा ०.५ म्हणजे पन्नास टक्के शक्यता राहत नाही, तेव्हा थ्रेशोल्ड, म्हणजे 'आजार आहे' म्हणण्याची सीमा, प्रत्येक आजाराचा वेगळा, व्हॅलिडेशनवर (ट्रेनिंगबाहेर राखून ठेवलेल्या फोटोंवर) ठरवा. हजारात दोन हर्निया असतील, सेन्सिटिव्हिटी (आजारी बरोबर पकडणं) ९० टक्के आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेले बरोबर सोडणं) ९५ टक्के असेल, तरी त्या दोघांमागे हर्निया नसलेल्या पन्नास लोकांवर शिक्का बसतो. आम्ही मॅडमना सरळ विचारलं, दिवसाला किती फिल्म पुन्हा बघाल? त्या म्हणाल्या, वीस. थ्रेशोल्ड त्या विसावर बसवला.