तबल्यासमोर बसतच नाही!

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हलगी ऐकली, तेव्हापासून घरातले डबे-पातेली बडवत असतो. सासरे भजनात तबला वाजवतात. त्यांनी हौसेनं क्लासला घातलं, पण हा मांडी घालून बसेल तर शपथ! उठून नाचायला लागतो. सर म्हणाले, दोन वर्षांनी आणा. तोवर काय करू?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, सरांचं बरोबर आहे आणि पोराचंही. या वयाच्या मुलांना मी तबल्यासमोर बसवतच नाही. मी वाजवते, ती चालतात.

केरवा ताल घ्या. आठ मात्रा : धा गे ना ती, न क धी ना. तुम्ही तोंडानं म्हटलं तरी चालेल. एका मात्रेला एक पाऊल. 'धा'ला टाच दणकून आपटायची. 'ती न क'ला डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याचा, घुमारा नसतो, तिथं चवड्यांवर चोरपावलं. 'धी'ला पुन्हा टाच. जरा रुळला की मधेच 'धी' गाळून बघा. पोर एक पाय वर धरून तुमच्या तोंडाकडे बघत थांबलं, तर समजा कळलं त्याला.

मग आजोबांना डग्गा काढायला सांगा. 'गे' वाजवून मनगट शाईकडे, म्हणजे मधल्या काळ्या गोलाकडे, रेटलं की आवाज चढतो. नातवानं उकिडवं बसायचं आणि आवाजाबरोबर उठायचं. आजोबा थकतील, तो थकणार नाही. नंतर त्यालाही हात लावू द्या, फक्त हात कोरडे हवेत; भजी खाऊन नको. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तबला गॅलरीत राहू देऊ नका, पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणून तडकते.

ओळखीत कुणाकडे तानपुरा असेल तर एकदा जरूर घेऊन जा. तारा छेडल्यावर भोपळ्याला तळवा, मग गाल लावू द्या. मोबाइलमधल्या तानपुऱ्यात सूर असतो, ही थरथर नसते. तो भोपळा आपल्याच पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो आणि मिरजेला जाऊन तानपुरा होतो, हेही सांगा. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पोराला त्याचं काही नाही, पण भोपळ्याची गोष्ट मुलांना फार आवडते.

खेळण्यातला प्लास्टिकचा तबला मात्र आणू नका. त्याला शाईच नसते, 'ना' आणि 'ती' सारखेच वाजतात. कान काय शिकणार? त्यापेक्षा तुमचे डबे बरे. पिठाचा भरलेला आणि रिकामा शेजारी ठेवा, फरक तोच शोधेल.

क्लासचं म्हणाल तर उजव्या हातानं एक, डाव्यानं दुसरं असं जमायला लागलं की न्या. तेव्हाही सुरुवातीला दहा मिनिटंच बसवा, उरलेला वेळ सर वाजवतील आणि हा चालेल, असं आधीच बोलून घ्या. नाही म्हणाले तर दुसरे सर बघा.